जातीचे न्यायासन



जातीबाहेर विवाह केला, किंवा करण्याचा नुसता मनोदय बोलून दाखविला, म्हणून मुलीचा अथवा मुलाचा, आणि कधी दोघांचाही, आप्तस्वकीयांच्या हातून जीव जातो, ही वार्ता आपल्या वृत्तपत्रांत इतकी नित्याची झाली आहे की तिचा मजकूरही आता ठरून गेला आहे. मुलगी पळून गेली, भावकीत तोंड दाखवायला जागा उरली नाही, बापाचा किंवा भावाचा संताप अनावर झाला, आणि त्या संतापाच्या भरात त्याच्या हातून कृत्य घडले. या मजकुरातील पहिल्या दोन गोष्टी बहुधा खऱ्या असतात. तिसरी मात्र वस्तुस्थितीचा विपर्यास करणारी आहे, असे मला वाटते. संताप आंधळा असतो, आणि या हत्या तर अनेकदा फार डोळसपणे केलेल्या आढळतात: दिवस ठरतो, जागा ठरते, बोलावून नेण्याचे निमित्त ठरते, कामे वाटून दिली जातात. अशा कृत्याला हुकुमनाम्याची बजावणी म्हणणेच यथार्थ होईल. आणि हुकुमनामा जेथे आहे तेथे तो देणारे न्यायासनही असलेच पाहिजे. ते न्यायासन म्हणजे जात. तिचा अखत्यार कोठून आला, राजसत्तेने तो कसा मान्य केला, पुढे तो नाकारतानाही कसा अबाधित ठेवला, आणि आज तो मोडावयाचा तर काय करावे लागेल, एवढाच माझ्या प्रतिपादनाचा आवाका आहे.

बाराव्या शतकातील कल्याण नगरीची कथा आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. मंगळवेढे ही ज्यांची आरंभीची राजधानी त्या कलचुरी घराण्यातील बिज्जल हा चालुक्यांचे सिंहासन बळकावून कल्याणास राज्य करीत असता, त्याच्याच दरबारी अधिकारपदावर असलेल्या बसवेश्वरांच्या शरणांच्या, म्हणजे अनुयायांच्या, मंडळात मधुवरस या ब्राह्मणाने आपली कन्या हरळय्या या चर्मकाराच्या पुत्रास दिली. परंपरा सांगते ती अशी की, या विवाहाविरुद्ध सनातन्यांनी राजाकडे फिर्याद नेली, राजाने दोन्ही पित्यांना देहान्त शासन दिले, आणि त्यानंतर उसळलेल्या क्षोभात शरणांची पांगापांग झाली व खुद्द बिज्जलाचाही वध झाला. या कथेतील एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. दंड झाला तो पित्यांना, कारण त्यांनी संमती दिली होती. जातीचा नियम मोडणे हा त्या काळी राज्याविरुद्धचा अपराध होता, आणि त्याची शिक्षा राजाचे सेवक अमलात आणीत. पित्याच्या हाती शस्त्र देण्याचे कारण तेथे उद्भवले नाही. वर्णसंकर रोखणे हे राजाचे कर्तव्य होय असे स्मृतिकारांनी सांगून ठेवलेलेच होते, आणि त्या संकरातही उच्च वर्णाच्या पुरुषाने खालच्या वर्णाची स्त्री करणे हा अनुलोम म्हणून सोसण्याजोगा, तर उच्च वर्णाच्या स्त्रीने खालच्या वर्णाचा पुरुष वरणे हा प्रतिलोम म्हणून सर्वथा निंद्य, अशी उतरंड त्यांनी लावून दिली होती. ब्राह्मण स्त्री आणि शूद्र पुरुष यांच्या संततीस मनुस्मृतीने चांडाळ ठरविले, यावरून त्या उतरंडीचा कटाक्ष कोणावर होता हे स्पष्ट होते.

पुढे मराठेशाहीत, आणि विशेषतः पेशवाईत, ही व्यवस्था अधिक तपशीलवार झाली. जातीचे तंटे गोतसभेत किंवा जातीच्या पंचांपुढे चालत, धर्मशास्त्राचा प्रश्न निघाल्यास ब्राह्मणसभेचे मत घेतले जाई, दोषी ठरलेल्यास प्रायश्चित्त सांगितले जाई, आणि ते घेतल्याशिवाय त्याला पंक्तीस बसता येत नसे. बहिष्कृताचे पाणी, विस्तव, न्हावी आणि परीट बंद होत. म्हणजे त्याच्यावर हात न उगारताही त्याचे जगणे अशक्य करून सोडण्याची शक्ती या निवाड्यात होती, आणि सरकारचे पाठबळ तीस होते.

१८१८ साली राज्य गेले आणि १८२७ साली एल्फिन्स्टनच्या अमदानीत मुंबई इलाख्यासाठी कायद्यांची संहिता झाली. तिच्यातील दुसऱ्या रेग्युलेशनाच्या एकविसाव्या कलमाने दिवाणी न्यायालयांना जातीच्या प्रश्नांत हात घालण्यास मनाई केली. वरवर पाहता हा तटस्थपणा होता. परिणामाच्या दृष्टीने पाहता सरकारने जातीच्या न्यायासनामागील आपले शिपाई तेवढे काढून घेतले आणि न्यायासन जेथल्या तेथे राहू दिले. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने जातिबाह्य झालेल्या माणसाचा वारसा हिरावला जाणार नाही अशी तजवीज केली खरी, परंतु वारसा राखणे वेगळे आणि गावात नांदणे वेगळे. आता जातीजवळ निवाडा होता, पण तो बजावणारा सरकारी हात नव्हता. पूर्वी घरातून हिंसा होतच नव्हती असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणतो की, ज्या शिक्षेची जबाबदारी पूर्वी राजा उघडपणे स्वीकारीत असे ती आता उत्तरोत्तर घरावर येऊन पडली, आणि आपल्या निष्ठेचा पुरावा म्हणून घरानेच ती बजावून दाखवावी असा दंडक रूढ झाला.

या बजावणीचे सर्वांत करुण स्वरूप एकोणिसाव्या शतकातील विधवांच्या नशिबी आले. ज्योतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते कशासाठी? विधवेस दिवस गेले की घराण्याच्या अब्रूपायी जन्मलेल्या अर्भकाचा गळा तिने स्वतःच घोटावा, किंवा विहीर जवळ करावी, हाच काय तो तिच्यापुढचा मार्ग उरत असे, म्हणून. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी करण्यात आली; पण त्या निमित्ताने वृत्तपत्रांनी समस्त स्त्रीजातीवर जे आसूड ओढले ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध छापला. इंग्रजी न्यायालयाने शिक्षा दिली ती आईला. तिला त्या कृत्यापर्यंत लोटीत नेणारे शेजारपाजार, आप्त आणि पंच यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची कोणास गरजही भासली नाही. या एका गोष्टीत आपण आजही फारसे पुढे आलेलो नाही.

विधवेचे मुंडण, बालिकेचा विवाह आणि जातीबाहेरच्या सोयरिकीचा निषेध या तीन गोष्टी आपण वेगवेगळ्या समजत होतो. त्या एकाच गरजेच्या तीन बाजू आहेत हे दाखविण्याचे श्रेय डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे जाते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील परिसंवादात वाचलेल्या निबंधात, वयाच्या पंचविशीत, त्यांनी असे प्रतिपादिले की जातीचे सार तिच्या अंतर्विवाहात आहे, आणि बंद केलेल्या गटात विवाहयोग्य स्त्रीपुरुषांची संख्या समतोल राखावयाची तर नवरा मेलेली स्त्री आणि बायको मेलेला पुरुष या दोघांचीही काहीतरी व्यवस्था लावणे भाग पडते. म्हणून स्त्रीला सती तरी जावे लागते किंवा सक्तीचे वैधव्य तरी पत्करावे लागते, आणि विधुर पुरुषासाठी खालच्या वयोगटातून अल्पवयीन मुलगी आणावी लागते. वीस वर्षांनंतर लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण मंडळाने सभाच रद्द केल्यामुळे न झालेल्या भाषणात, त्यांनी जातिभेदावरचा खरा उपाय म्हणून मिश्रविवाहाचेच नाव घेतले. हे दोन लेख शेजारी ठेवून वाचले म्हणजे कळते की, जातीबाहेरच्या विवाहाकडे जात कुरबुरीने पाहत नाही, प्राणभयाने पाहते. सहभोजने झाली तरी ती तगून राहिली, मंदिरे उघडली तरी ती तगून राहिली. सोयरिकीचे कुंपण पडले तर मात्र ती उरतच नाही.

विवाहाचा कायदा या कुंपणाशी कसा वागला हे पाहणे उद्बोधक आहे. १८७२ च्या विशेष विवाह कायद्याखाली दोन जातींच्या हिंदूंना लग्न करता येई, पण आपण हिंदू धर्माचे अनुयायी नाही असा जाहीरनामा त्यांना लिहून द्यावा लागे. १९१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने ब्राह्मण स्त्री व शूद्र पुरुष यांचा विवाह प्रतिलोम म्हणून अवैध ठरविला, आणि त्याच न्यायालयाने १९२२ व १९३१ साली अनुलोम विवाह मात्र वैध मानले; म्हणजे स्मृतींची जुनी उतरंड इंग्रजी न्यायालयाच्या निवाड्यांतही शाबूत राहिली. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ साली आंतरजातीय विवाहांना मान्यता देणारा कायदा केला, त्या वेळी खालसा मुलखात विठ्ठलभाई पटेलांचे त्याच आशयाचे विधेयक कायद्याचे रूप घेऊ शकत नव्हते. १९२३ च्या दुरुस्तीने धर्मत्यागाची अट हिंदूंपुरती उठली, परंतु जी नवी कलमे तिने घातली ती वाचण्याजोगी आहेत: असा विवाह करणारा हिंदू एकत्र कुटुंबापासून विभक्त झाला असे समजावे, आणि त्याच्या बापास दुसरा पुत्र हयात नसेल तर बापास दत्तक घेण्याचा हक्क राहावा. मुलगा जिवंत असता बापाला निपुत्रिक मानणारे हे कलम होय. जातीबाहेर गेलेल्या लेकराला जिवंतपणी तिलांजली देण्याची जी चाल घराघरांत होती, तिच्यावर सरकारने आपला शिक्का उमटविला एवढेच. सर्व जातींमधील हिंदूंचे परस्परविवाह निःसंदिग्धपणे वैध ठरले ते १९४९ साली, स्वातंत्र्यानंतर. १९५४ आणि १९५५ च्या कायद्यांनी त्यावर कळस चढविला.

कायद्याचा मार्ग असा निष्कंटक झाल्यावर जातीचे न्यायासन आपोआप ओस पडेल अशी आपल्या पूर्वसूरींची अपेक्षा होती. ती फळाला आली नाही. २०११–१२ च्या भारतीय मानवविकास पाहणीत आपल्या जातीबाहेर विवाह केल्याचे सांगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण शेकडा ५ च्या आसपास भरले. याची कारणे शोधताना ‘मानसिकता’ या सोयीस्कर शब्दापाशी थांबणे मला इष्ट वाटत नाही, कारण तो उच्चारला की पुढचा विचार थांबतो. त्याऐवजी एखाद्या सामान्य शेतकऱ्याच्या घरात मोठी मुलगी जातीबाहेर लग्न करून गेल्यानंतर कोणते बोलणे चालते ते ऐका. धाकटीला आता कोण करून घेणार, हा पहिला प्रश्न. मुलाला मुलगी कोण देणार, हा दुसरा. भावकीच्या बांधावरच्या तंट्यात, सोसायटीच्या कर्जात, निवडणुकीत आणि मयतीत आपल्या बाजूला कोण उभे राहणार, हा तिसरा. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलार्जित जमिनीत मुलाच्या बरोबरीचा वाटा मिळाल्यापासून तिच्यामागून सातबाऱ्यावर कोणाचे नाव चढेल, हा चौथा प्रश्नही त्यात मिळालेला आहे. अब्रू नावाची जी वस्तू आपण हृदयात वसत असल्याचे समजतो ती अशा व्यवहारांत पत म्हणूनच चालते. सावकाराकडची पत जशी इतरांच्या बोलण्यावर उभी असते तशीच ही. तिची खातेवही घरात नसते, भावकीजवळ असते, आणि घरातील एका मुलीच्या नावे खर्ची पडले की सगळ्यांची नावे एकदम बुडीत निघतात. म्हणून मुलीला मारणारा बाप पुष्कळदा मुलीवर चिडलेला नसतो. तो भावकीला भ्यालेला असतो. त्याची जबाबदारी यामुळे तिळमात्र कमी होत नाही, परंतु त्याच्या मागे उभे असलेले सहअपराधी कोण, हे यावरून कळून येते.

महाराष्ट्रातील अलीकडची तीन प्रकरणे मी यासाठी पुराव्यादाखल ठेवतो, आणि त्यांतील मृतांची नावे मुद्दामच घेत नाही. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, नेवासे तालुक्यातील सोनई येथे १ जानेवारी २०१३ रोजी मेहतर समाजातील तीन तरुणांचा खून झाला. त्यांपैकी एकाचे मराठा मुलीशी प्रेमसंबंध होते. त्यांना मैलाटाकी साफ करण्याच्या कामाचे निमित्त सांगून बोलावण्यात आले होते. जातीने नेमून दिलेल्या कामाचेच आमिष करून माणसाला मरणाकडे नेण्याची ही कल्पना संतापाला सुचत नाही. ती शांत डोक्याने केलेली योजना असते. नाशिकच्या न्यायालयाने २०१८ साली या खटल्यात सहा जणांना दोषी धरले. त्याच जिल्ह्यातील खर्डा येथे २८ एप्रिल २०१४ रोजी शाळेत शिकणाऱ्या एका दलित मुलाचा, वरिष्ठ जातीच्या मुलीशी बोलतो या संशयावरून, मारहाण करून जीव घेण्यात आला; साक्षीदार फितूर झाले, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने आरोपींची निर्दोष मुक्तता केली. या दोन्ही ठिकाणी मुलगी वरच्या जातीची व मुलगा दलित होता. १९१२ साली न्यायालयाने जी रेघ ओढली होती ती १९४९ साली कायद्याने पुसली, पण शंभर वर्षांनंतरही गावाने ती पुसलेली नाही.

तिसरे प्रकरण नाशिकचे. जून २०१३ मध्ये तेथे एका बापाने आपल्या गर्भवती मुलीचा गळा आवळून खून केला, कारण तिने अन्य जातीत लग्न केले होते. आणि त्याच्यावर त्याच्या जातपंचायतीचे दडपण होते ही गोष्ट पुढे आली. जे न्यायासन इतरत्र अदृश्य राहून काम करते ते या प्रकरणात प्रत्यक्ष पंचांच्या रूपाने दिसले. त्यातूनच डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या नेतृत्वाखाली अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला, तरी मोहीम थांबली नाही. वाळीत टाकलेली कुटुंबे एकामागून एक बोलू लागली, आणि २०१६ साली विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारास प्रतिबंध करणारा कायदा संमत केला, तो जुलै २०१७ पासून अमलात आहे. बहिष्कार टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी त्यात शिक्षा आहे. बहिष्काराविरुद्ध मुंबई राज्याने १९४९ सालीही एक कायदा केला होता. तो दाऊदी बोहऱ्यांच्या धर्मगुरूंच्या अर्जावरून सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली घटनाबाह्य ठरविला. १८२७ साली सरकारने ज्या न्यायासनाकडे पाठ फिरविली होती त्याच्याकडे, १९४९ चा तो प्रयत्न निष्फळ ठरल्यावर, राज्याने पुन्हा तोंड वळविले ते २०१६ साली, म्हणून मी या कायद्याला इतके महत्त्व देतो.

येथे एक आक्षेप विचारात घेणे प्राप्त आहे, आणि तो दुष्ट माणसांचा नसून पुष्कळ सज्जनांचा असतो. मुलांच्या विवाहाविषयी आईबापांना मतच असू नये काय, असे ते विचारतात. अवश्य असावे, आणि ते कठोर असले तरी चालेल. वीस वर्षांच्या मुलीने निवडलेला मुलगा व्यसनी आहे, बेकार आहे, फसवा आहे, असे वाटल्यास बापाने तिला शंभर वेळा सांगावे, तिच्याशी भांडावे, अबोला धरावा. मत आणि अखत्यार यांमध्ये मात्र अंतर आहे. मत मुलीच्या हिताविषयी असते आणि ती ते झुगारू शकते. अखत्यार तिच्या देहावर असतो आणि तो झुगारल्यास शिक्षा असते. शिवाय ज्या बापाचे मत जातीत लग्न करणाऱ्या व्यसनी जावयाविषयी मवाळ आणि जातीबाहेरच्या निर्व्यसनी जावयाविषयी प्राणघातक होते, त्याने ते मत स्वतःचे आहे की भावकीने त्याच्या तोंडून बोलविले आहे, हे एकदा तपासून पाहावे.

आता उपायांविषयी. विधी आयोगाने २०१२ सालच्या आपल्या २४२ व्या अहवालात अशी शिफारस केली की, वैध विवाहाचा निषेध करण्यासाठी जमणाऱ्या सभा बेकायदेशीर ठराव्यात. तसा केंद्रीय कायदा अद्याप झालेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ रोजी शक्तिवाहिनी खटल्यात दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहात ढवळाढवळ करण्याचा कोणत्याही पंचायतीस हक्क नाही असे सांगून, जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष, जोडप्यांसाठी निवारागृहे आणि जलद खटले यांविषयी आदेश दिले. साताऱ्यासारख्या ठिकाणी कार्यकर्त्यांनी असा निवारा उभा करून दाखविला, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु विशेष विवाह कायद्यातील तीस दिवसांची नोटीस, जी निबंधकाच्या कचेरीत दर्शनी जागी लावली जाते, ती आजही पळून आलेल्या जोडप्याचा ठावठिकाणा शोधणाऱ्यांच्या हाती सरकारी मोहोरेनिशी देते. आणि ज्या सरकारी योजनेत आंतरजातीय विवाहास पन्नास हजार रुपयांचे साहाय्य मिळते तिच्या जाहिरातीइतकी प्रसिद्धी पोलीस संरक्षणाच्या हक्काला मिळत नाही. पैसा नंतर उपयोगी पडतो. पहिले काही आठवडे जीव वाचणे महत्त्वाचे असते.

सरकारने करावयाच्या गोष्टी या. आपण करावयाच्या गोष्टी याहून अवघड आहेत. जातीच्या न्यायासनाजवळ आज शिपाई नाही, तुरुंग नाही, दप्तर नाही. त्याचे सामर्थ्य एवढेच की त्याने वाळीत टाकलेल्या घराकडे आपण जाईनासे होतो आणि त्याने बजाविलेल्या शिक्षेविषयी आपण बोलेनासे होतो. म्हणून त्याचा अखत्यार काढून घेणे हे अंशतः आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी तीन कृत्ये मी आपणांपुढे ठेवतो. विशेष विवाह कायद्यानुसार लग्नाच्या जाहीरनाम्यावर वधूवरांखेरीज तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात; असे तीन प्रतिष्ठित साक्षीदार प्रत्येक तालुक्यात उघडपणे उपलब्ध असावेत. दुसरे, गावात खून होतो तेव्हा पाहणारे असतात. खर्ड्याच्या खटल्यात जे झाले ते पुन्हा होऊ नये असे वाटत असेल तर साक्षीदाराला गावाने एकटे पाडता कामा नये, त्याच्या दुकानातून माल घेतला पाहिजे आणि त्याच्या शेतावर मजूर गेले पाहिजेत. तिसरे कृत्य सर्वांत साधे आणि म्हणूनच सर्वांत कठीण आहे. ज्या घरातील थोरल्या मुलीने जातीबाहेर विवाह केला आहे त्या घरातील धाकटीला आपल्या मुलासाठी मागणी घालावी, आणि जातीच्या वर्तुळाबाहेरही मुलासाठी मुलगी आणि मुलीसाठी मुलगा पाहावा. धाकटीला कोण करून घेणार, या भयापायी थोरलीचा जीव जातो. त्या प्रश्नाचे उत्तर देणारी घरे ज्या गावात निघतील त्या गावात भावकीने बापाच्या कानात कितीही सांगितले तरी त्याला तिच्या हुकुमाचे भय उरणार नाही.